सिंथेटिक पेट्रोल-डिझेल: बडोदेकरांचे सारखे येणारे प्रश्न

कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आपल्या डोक्यावर ज्योत पेटवून उभी आहे, घरटी एक माणूस तिथे नाहीतर जीएसएफसीच्या खत कारखान्यात नाहीतर नंदेसरीच्या एखाद्या केमिकल युनिटमध्ये, त्यामुळे पेट्रोलबद्दल मत नसलेला बडोदेकर मला अजून भेटायचाय. मी प्रोसेस लाइनमधला. मंडळाच्या ग्रुपवर कोणी ‘हवेतून पेट्रोल बनवलं’ असा व्हिडिओ टाकला की पाच मिनिटांत प्रश्न माझ्या खात्यात जमा होतात. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहितोय. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे किचकट होत जातात. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. सिंथेटिक इंधन म्हणजे नक्की काय? कोयलीत बनतं तेही कारखान्यातच बनतं ना?

बनतं कारखान्यातच, पण तिथे क्रूड येतं. क्रूडमध्ये पेट्रोल, डिझेल, केरोसीनचे रेणू बऱ्यापैकी तयारच असतात, रिफायनरी ते वेगळे करते, मोठे असतील ते फोडते, सल्फर काढते. सिंथेटिकमध्ये क्रूड नसतंच. कार्बन आणि हायड्रोजन दुसरीकडून आणायचे, म्हणजे कोळसा, नॅचरल गॅस, शेतातला कचरा, नाहीतर थेट हवेतला सीओटू आणि पाण्यातला हायड्रोजन, आणि त्यांचे रेणू जोडत जोडत पेट्रोल-डिझेल तयार करायचं. शेवटी टाकीत पडतं ते जवळजवळ तेच असतं, आग लागते, वास कमी येतो.

२. माझ्या ॲक्टिव्हात सर्व्हिसवाला सिंथेटिक ऑइल टाकतो, तेच का हे?

नाही. ते वंगण आहे, जळण्यासाठी नाही. पण नातं आहे, कतारच्या ज्या प्लांटमध्ये गॅसपासून डिझेल बनतं (प्रश्न ५) तिथेच इंजिन ऑइलचं बेस ऑइलही बनतं. म्हणजे तुमच्यापैकी काही जणांच्या गाडीत गॅसपासून बनलेलं काहीतरी आधीच फिरत असेल, फक्त टाकीत नाही, खाली चेंबरमध्ये.

३. बनवतात कसं? केमिस्ट्री दहावीत सोडली, त्या हिशोबाने सांगा.

आधी सिनगॅस बनवायचा. सिनगॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण. बडोद्याच्या खत कारखान्यांत काम केलेल्यांना हा प्रकार नवा नाही, अमोनियासाठी हायड्रोजन हवा म्हणून नॅचरल गॅसवर वाफ मारून हेच करतात, रिफायनरीतही सल्फर काढायला हायड्रोजन लागतो तो असाच येतो. कोळसा असेल तर तो कमी ऑक्सिजनमध्ये, वाफेबरोबर, अर्धवट जाळायचा. सीओटू असेल तर त्याला हायड्रोजन देऊन आधी मोनॉक्साइड करून घ्यायचा.

मग हा गॅस लोखंड नाहीतर कोबाल्टच्या कॅटलिस्टवरून (रिॲक्शन घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ) न्यायचा. तिथे कार्बनला कार्बन जोडला जातो, साखळी वाढत जाते. कोबाल्टवर २०० ते २४० डिग्रीला चालवलं तर साखळ्या लांब होतात आणि मेण मिळतं, अगदी मेणबत्तीसारखं पांढरं, आणि ते मेण मग हायड्रोजन देऊन फोडलं की डिझेल आणि विमानाचं केरोसीन. लोखंडावर ३०० च्या वर नेलं तर साखळ्या आखूड, पेट्रोलच्या बाजूच्या. याला फिशर-ट्रॉप्श म्हणतात.

दुसरा रस्ता मिथेनॉलचा. सिनगॅसचं आधी मिथेनॉल करायचं, मग ते झिओलाइट नावाच्या सच्छिद्र कॅटलिस्टवरून नेलं की सरळ पेट्रोल पडतं. या पेट्रोलात ड्युरीन नावाचा एक घटक जास्त येतो आणि तो ७९ डिग्रीला वितळतो, म्हणजे थंडीत पेट्रोलमध्येच स्फटिक धरून कार्ब्युरेटर चोक करू शकतो, म्हणून त्याला वेगळी ट्रीटमेंट द्यावी लागते. व्हिडिओत हे असलं काही दाखवत नाहीत.

खरी डोकेदुखी दोन गोष्टींची, एक म्हणजे रिॲक्शन प्रचंड तापते आणि ती उष्णता सतत काढून घ्यावी लागते, नाहीतर सगळं मिथेन होऊन बसतं. आणि दुसरी, गॅसमध्ये सल्फर नावालाही चालत नाही, कॅटलिस्ट मरतं.

४. ही नवीन टेक्नॉलॉजी आहे का?

शंभर वर्षं झाली. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोघांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत हे बसवलं. त्याच्याही आधी १९१३ मध्ये फ्रीडरिश बेर्गियुसने कोळशावर थेट दाबाखाली हायड्रोजन मारून तेल काढायचं पेटंट घेतलं होतं, त्याला १९३१ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, कार्ल बॉशबरोबर. जर्मनीकडे कोळसा भरपूर, तेल नाही, आणि डोक्यात युद्ध. १९४४ च्या सुरुवातीला त्यांचे २५ प्लांट मिळून दिवसाला सुमारे १ लाख २४ हजार बॅरल काढत होते आणि लढाऊ विमानांचं बहुतेक पेट्रोल यातूनच येत होतं. मे १९४४ पासून अमेरिकन बॉम्बर विमानांनी लॉयना वगैरे प्लांट धरून झोडपले आणि जर्मन विमानं जमिनीवर बसली.

युद्धानंतर मध्यपूर्वेचं तेल इतकं स्वस्त झालं की हा सगळा धंदा कोणाला परवडेना, अपवाद दक्षिण आफ्रिकेचा. तिथे १९५० मध्ये सासोल कंपनी निघाली, १९५५ मध्ये सासोलबर्गला कोळशापासून तेल सुरू झालं आणि वर्णभेदामुळे जगाने तेल तोडायला सुरुवात केल्यावर १९८० च्या आसपास सेकुंदाचे दोन अवाढव्य प्लांट उभे राहिले. इतिहास नीट बघितला तर हे इंधन तेव्हाच बनतं जेव्हा कोणाचं तेल बंद होतं किंवा बंद व्हायची भीती असते. स्वस्त पडतं म्हणून कोणी बनवलं असं फार क्वचित झालंय.

५. आज कुठे बनतं आणि विकलं जातं का?

सेकुंदा चालू आहे, दिवसाला दीड लाख बॅरलच्या आसपास क्षमतेचं, कोळशावर. कतारमध्ये शेलचा पर्ल प्लांट आहे, २०११ पासून, नॅचरल गॅसपासून दिवसाला १ लाख ४० हजार बॅरल, उभा करायला १८-१९ अब्ज डॉलर लागले. मलेशियात बिंटुलूला १९९३ पासून छोटा प्लांट आहे. न्यूझीलंडने १९८० च्या दशकात मोटुनुईला गॅस ते मिथेनॉल ते पेट्रोल असा प्लांट चालवला, देशाच्या पेट्रोलचा मोठा हिस्सा त्यातून निघायचा, क्रूड स्वस्त झाल्यावर पेट्रोलचा भाग बंद केला आणि नुसतं मिथेनॉल विकत बसले.

तुमच्या व्हिडिओतलं हवा-पाण्याचं पेट्रोल म्हणजे बहुतेक वेळा चिलीच्या टोकाला पुंता अरेनासजवळचा हारू ओनी प्लांट. पोर्शे, सीमेन्स एनर्जी वगैरे मंडळी त्यात आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या पेट्रोलवर पोर्शे ९११ चालवून दाखवली. क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लिटर. शहरातला बरा चालणारा एक पंप एवढं महिना-दोन महिन्यांत विकतो, म्हणून व्हिडिओ बघून लगेच तेल कंपन्यांचे शेअर विकू नका.

६. जीटीएल, सीटीएल, ई-फ्युएल, बायो... एवढी नावं कशाला? यातलं ग्रीन कुठलं?

शेवटचा माल सारखाच, नाव कच्च्या मालावरून. गॅसपासून केलं तर जीटीएल, कोळशापासून सीटीएल, कचरा-भुशापासून बीटीएल, आणि ग्रीन विजेने पाणी फोडून काढलेला हायड्रोजन अधिक पकडलेला सीओटू असं असेल तर ई-फ्युएल. वापरलेलं खाद्यतेल हायड्रोजन मारून डिझेल करतात त्याला एचव्हीओ म्हणतात. आपल्या ई२० मधलं इथेनॉल बायो आहे पण या अर्थाने सिंथेटिक नाही, ते आंबवून काढलेलं असतं.

ग्रीनचं विचाराल तर सीटीएल म्हणजे उलटी गंगा. कोळशापासून डिझेल बनवून जाळलं तर क्रूडच्या डिझेलपेक्षा साधारण दुप्पट सीओटू होतो, कारण निम्मा कार्बन प्लांटमध्येच उडतो. जीटीएल क्रूडच्या जवळपास. फायदा होतो तो फक्त बीटीएल, एचव्हीओ आणि ई-फ्युएलमध्ये, आणि ई-फ्युएलमध्येही अटी लागू (प्रश्न १५).

७. एक लिटर ई-पेट्रोलला वीज किती लागते?

सगळं प्रकरण इथे येऊन थांबतं म्हणून जरा हिशोब करू, मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढा.

एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७४० ग्रॅम. सीओटूपासून ते बनवायला कमीत कमी ३२० ग्रॅम हायड्रोजन लागतो, कारण सीओटूमधला ऑक्सिजन काढून टाकायलाही हायड्रोजनच खर्ची पडतो. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते. म्हणजे फक्त हायड्रोजनलाच १६-१७ युनिट झाले. वर सीओटू पकडणं, दाबणं, रिॲक्टरमधला लॉस, डिस्टिलेशन. मिळून २० युनिट धरा, प्रत्यक्षात त्याच्या वरच जातात. आणि त्या लिटरमध्ये ऊर्जा असते ९ युनिटच्या आसपास. म्हणजे वीस घातले नऊ निघाले, आणि त्या नऊमधले गाडीचं इंजिन दोन-अडीचच चाकापर्यंत पोचवतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून वाऱ्यावर.

आता तेच २० युनिट इलेक्ट्रिक गाडीत भरा. छोटी गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते, चार्जिंगचा लॉस धरूनही १२० किलोमीटर आरामात. एक लिटर पेट्रोलवर तीच साइझ १५ ते १८ किलोमीटर. कोणी कितीही ग्राफ दाखवो, हा सहा-सात पटींचा फरक केमिस्ट्रीचा आहे, सबसिडीने जाणारा नाही.

अजून एक हिशोब मी मजेत केला होता. २०२३-२४ मध्ये देशात जवळपास ९ कोटी टन डिझेल खपलं. ते सगळं या पद्धतीने करायचं म्हटलं तर २ लाख कोटी युनिटच्या वर वीज लागेल, आणि त्या वर्षी देशात सगळी मिळून वीज बनली १ लाख ७४ हजार कोटी युनिटच्या आसपास. म्हणजे घरं, कारखाने, लोकल, सगळं बंद करून फक्त डिझेल बनवलं तरी पुरणार नाही.

८. मग पंपावर भाव किती पडेल?

नुसत्या विजेचं बघा. पाच रुपये युनिट धरलं तर १०० रुपये लिटर विजेतच गेले, अजून प्लांटचा हप्ता, सीओटू, वाहतूक, डीलरचं कमिशन, टॅक्स काहीच धरलेलं नाही. आपण पंपावर पेट्रोलचे पैसे देतो त्यात टॅक्सचा हिस्सा मोठा असतो, त्यामुळे पंपाच्या भावाशी तुलना करून ‘जवळच आहे की’ म्हणणं चुकीचं, तुलना रिफायनरीच्या गेटवरच्या भावाशी करायची.

९. गुजरातमध्ये सोलर दोन रुपयांत मिळते म्हणतात, मग काय अडचण?

बरोबर, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या सरकारी वीज कंपनीच्या लिलावात सोलर १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आली होती. पण सोलर प्लांट वर्षाच्या सरासरीत दिवसाला पाच-सहा तासच फुल लोडइतकं देतो. आता तुम्ही महागडा इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) घेतला आणि तो दिवसाचे अठरा तास बसून राहिला तर त्याचा हप्ता प्रत्येक किलो हायड्रोजनवर चढतो. आणि फिशर-ट्रॉप्श रिॲक्टरला चालू-बंद अजिबात मानवत नाही, ज्यांनी शटडाउन-स्टार्टअपच्या नाइट केल्यात त्यांना सांगायला नको. मग हायड्रोजनचा साठा करा, बॅटरी लावा, कच्छची वाऱ्याची वीज जोडीला घ्या. होतं सगळं, पण दोन रुपयांचं दोन रुपये राहत नाही. केंद्राचं ग्रीन हायड्रोजन मिशन आहे, जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं मंजूर झालं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट, पण तो हायड्रोजन आधी खतात आणि रिफायनरीतच जायला हवा असं माझं मत, तिथे आज नॅचरल गॅसपासून काढलेला हायड्रोजन रोज लागतोच आहे, त्याची जागा आधी भरा, मग पेट्रोल बनवायच्या गप्पा.

१०. पाणी किती पिणार हा प्लांट?

वाटतं तेवढं नाही. लिटरभर पेट्रोलच्या हायड्रोजनला साधारण तीन लिटर शुद्ध पाणी, त्यातलं दोनेक लिटर रिॲक्शनमध्ये परत बाहेर येतं, साफ करून वापरता येतं. कूलिंग टॉवरचं पाणी वेगळं, आणि खरं पाणी तिथेच जातं.

११. माझ्या चालू गाडीत टाकलं तर चालेल का? इंजिनात काही बदलावं लागतं का?

हीच तर याची जमेची बाजू, काही बदलावं लागत नाही. टाकी तीच, नोझल तेच, पंप तोच, टँकर तोच. युरोपात डिझेलमध्ये जीटीएल मिसळून प्रीमियम डिझेल म्हणून वर्षानुवर्षं विकलंय. आपल्याकडे पंपावर मिळत नाही, त्यामुळे कोणी ‘हे सिंथेटिक आहे’ म्हणून कॅनमधून सुटं देत असेल तर घेऊ नका (प्रश्न २१).

१२. जुनी डिझेल जीप आहे, सील खराब होतील असं ऐकलं, खरं आहे का?

थोडं खरं आहे. क्रूडच्या डिझेलमध्ये ॲरोमॅटिक्स (बेंझिनच्या जातीचे रेणू) असतात, ते नायट्राइल रबरात मुरतात आणि रबर फुगतं. जुन्या फ्युएल पंपातली ओ-रिंग काढून नव्या रिंगशेजारी ठेवा, डोळ्यांना दिसतं, जुनी जाड आणि पिळदार झालेली असते. ती वर्षानुवर्षं त्या फुगलेल्या मापावरच घट्ट बसलेली असते. फिशर-ट्रॉप्श डिझेलमध्ये ॲरोमॅटिक्स जवळजवळ नाहीतच, त्यामुळे पूर्ण सिंथेटिकवर एकदम गेलं की रिंग परत आक्रसते आणि कडेने थेंब थेंब गळायला लागतं. नवीन सील टाकलं की विषय संपला. नव्या गाड्यांत विटॉनसारखं रबर असतं, त्याला फरक पडत नाही. मिसळून वापरलं तरी काही होत नाही.

शिवाय सल्फर काढलेल्या कुठल्याही डिझेलसारखा याचाही वंगणपणा कमी, पंप घासू नये म्हणून ल्युब्रिसिटीचं ॲडिटिव्ह घालतात, ते कंपनीच घालते, तुम्ही दोन-टी ऑइल ओतत बसू नका.

१३. ॲव्हरेज पडेल का, ई२० सारखं?

इतकं नाही. इथेनॉलमध्ये लिटरला पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा, म्हणून ई२० मध्ये हिशोबाने सहा-सात टक्के कमी येते. सिंथेटिक डिझेल वजनाला हलकं असतं, लिटरमागे चार-पाच टक्के कमी ऊर्जा, पण सीटेन (डिझेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा) ७० च्या वर, आपल्या नेहमीच्या डिझेलचं किमान ५१. गाडी थंडीत पटकन सुरू होते, खटखट कमी. सिंथेटिक पेट्रोलमध्ये फरक जवळजवळ नाहीच.

१४. धूर कमी होतो का?

काळा धूर हो, ॲरोमॅटिक्स नाहीत आणि सल्फर नाही म्हणून काजळी कमी. नायट्रोजन ऑक्साइड राहतातच, ते हवेतल्या नायट्रोजनपासून इंजिनाच्या उष्णतेने बनतात, इंधन कुठून आलं त्याच्याशी घेणं नाही. म्हणजे मांडवीच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून श्वास घेणाऱ्याला ई-पेट्रोलचा उपयोग बेताचा.

१५. जाळल्यावर सीओटू निघतोच, मग झीरो कसं म्हणतात? आणि नंदेसरीच्या चिमणीतला सीओटू वापरला तर?

लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो सीओटू निघतो, कुठलंही असो. हवेतून तेवढाच पकडून बनवलं असेल तर बेरीज-वजाबाकी शून्य, अर्थात वीजही सोलर-वाऱ्याची हवी. ग्रिडची आजची कोळशाची वीज लावली तर साध्या पेट्रोलच्या कितीतरी पट वाईट, कारण २० युनिटमागे कोळसा किती जळतो बघा.

चिमणीचा प्रश्न मात्र सगळ्यात वादाचा. बॉयलरमध्ये कोळसा जळला, त्याचा सीओटू पकडून पेट्रोल केलं, ते पेट्रोल गाडीत जळलं. जमिनीतला कार्बन शेवटी हवेत गेलाच, फक्त जाताना दोन कामं करून गेला. आता सूट कोणाच्या नावावर, कारखान्याच्या की गाडीवाल्याच्या? दोघांनी आपल्या वहीत लिहिली तर कागदावर दोन्ही स्वच्छ आणि हवा तशीच. युरोपने नियम केलाय की वीजकेंद्रांच्या अशा सीओटूला २०३५ पर्यंत आणि इतर कारखान्यांच्या सीओटूला २०४० पर्यंतच चालवून घेऊ, पुढे नाही. साखर कारखान्यात इथेनॉल आंबवताना निघणारा सीओटू मात्र चांगला, तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो आणि बऱ्यापैकी शुद्ध असतो, पकडायला स्वस्त. दक्षिण गुजरातच्या आणि महाराष्ट्राच्या साखर पट्ट्याने यावर नजर ठेवावी, खरंच.

१६. मग ईव्ही घेऊ की सिंथेटिक पेट्रोलची वाट बघू?

गावातल्या गावात फिरणं असेल तर वाट बघण्यात काही अर्थ नाही, हिशोब प्रश्न ७ मध्ये झालाय. युरोपात २०३५ नंतर नव्या पेट्रोल-डिझेल गाड्या नकोत असा नियम होत असताना २०२३ मध्ये जर्मनीने हट्ट धरून ई-फ्युएलच्या गाड्यांसाठी सोय ठेवायला लावली, त्यावरून आपल्याकडे ‘बघा, पेट्रोलचे दिवस परत येणार’ असे मेसेज फिरले. ती सोय महागड्या गाड्यांच्या शौकिनांसाठी आहे. फॉर्म्युला वन पण २०२६ पासून सस्टेनेबल इंधनावर आहे, पण तिथे लिटरचा भाव कोण विचारतो. विंटेज गाडी ठेवणारे, बॅटरीने काम न भागणारी मशिनरी वापरणारे, त्यांना पुढे उपयोग होईल.

१७. विमानाचं काय? तिथे का सगळे याच्या मागे लागलेत?

कारण तिथे दुसरा इलाज नाही. एक किलो एटीएफमध्ये, म्हणजे विमानाच्या केरोसीनमध्ये, १२ युनिट ऊर्जा असते, एक किलो बॅटरीत पाव युनिट. इंजिन बॅटरीपेक्षा कमी कार्यक्षम हे धरूनही मुंबई-लंडन बॅटरीवर जमत नाही. हरणीच्या विमानतळावरून उडणारं प्रत्येक विमान अजून कित्येक वर्षं द्रव इंधनच पिणार, आणि इथे बनणारी हवाई दलाची सी-२९५ मालवाहू विमानं सुद्धा.

फिशर-ट्रॉप्श केरोसीनला २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मंजुरी मिळाली, पण जास्तीत जास्त निम्मं मिसळायचं अशी अट. कारण परत तेच, सील (प्रश्न १२), विमानात थेंब गळून चालत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क एक विमान खास परवानगीने शंभर टक्के पर्यायी इंधनावर गेलं. युरोपात २०२५ पासून विमानतळावरच्या इंधनात २ टक्के असं इंधन सक्तीचं झालं, २०३० ला ६, २०५० ला ७०, आणि त्यात ई-फ्युएलचा वेगळा कोटा.

आपल्याकडे २०१८ मध्ये डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमने जट्रोफापासून बनवलेलं इंधन २५ टक्के मिसळून डेहराडून-दिल्ली विमान उडवलं, मे २०२३ मध्ये पुण्याच्या प्राज कंपनीने बनवलेलं मिसळून पुणे-दिल्ली. सरकारचं टार्गेट आंतरराष्ट्रीय विमानांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २, २०३० ला ५. आपली वापरलेली फरसाणची तेलं यातच जाणार बहुतेक. ई-फ्युएलचा नंबर त्यानंतर.

१८. जहाजं मिथेनॉलवर चालतात म्हणे?

चालतात. मर्स्कने २०२३ मध्ये पहिलं कंटेनर जहाज उतरवलं. मिथेनॉल बनवणं डिझेलपेक्षा सोपं, एकच रेणू, पण लिटरला ऊर्जा निम्म्याहून कमी म्हणून टाक्या मोठ्या, जहाजाला ते परवडतं. गाड्यांसाठी १५ टक्के मिथेनॉल-पेट्रोलची चाचणी २०२२ मध्ये आसामात तिनसुकियाला सुरू झाली. आपल्या राज्यात मात्र सरकार मिथेनॉल गल्लोगल्ली पंपावर आणू देईल असं मला वाटत नाही, २०२२ चं बोटादचं लठ्ठाकांड, म्हणजे विषारी दारूकांड, याच मिथेनॉलने झालं होतं.

१९. आपल्याकडे एवढा कोळसा आहे, सासोलसारखं का करत नाही?

प्रयत्न झाला होता. २००९ मध्ये ओडिशात तालचेरकडे दोन कोळसा ब्लॉक यासाठीच दिले, एक टाटा-सासोल जोडीला, एक जिंदालला. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने २१४ ब्लॉक रद्द केले त्यात तेही गेले. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के, गॅसिफायरला (कोळशाचा सिनगॅस करणारी भट्टी) ते जड जातं. आता परत २०३० पर्यंत १० कोटी टन कोळसा गॅसिफाय करायचं टार्गेट आहे, जानेवारी २०२४ मध्ये ८,५०० कोटींची योजना आली, पण त्यातला भर खत, मिथेनॉल, स्टीलवर दिसतो. तेल बंद होण्याची भीती म्हणून एखादा प्लांट तयार ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याला ग्रीन म्हणू नये (प्रश्न ६).

२०. प्लॅस्टिकपासून डिझेल बनवतात ते यातच येतं का?

चुलत भाऊ. तिथे रेणू जोडत नाहीत, लांब साखळ्या उष्णतेने तोडतात. डेहराडूनच्या त्याच संस्थेत २०१९ मध्ये दिवसाला एक टन प्लॅस्टिकपासून ८०० लिटर डिझेल काढणारा प्लांट सुरू झाला. पिशव्या, दुधाची पाकिटं चालतात. पीव्हीसी पाइप गेला की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होऊन प्लांट आतून खातो. मकरपुऱ्यात कोणी टायर जाळून काढलेलं काळं तेल ‘डिझेल’ म्हणून देत असेल तर ते भट्टीला ठीक, बीएस-६ गाडीत घातलं तर इंजेक्टरचं बिल गाडीच्या हप्त्याएवढं येईल.

२१. एक जण पाण्यापासून पेट्रोलची फ्रँचायझी देतोय, वीस टक्के आगाऊ मागतोय. घेऊ का?

नका घेऊ. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, त्यातून परत इंधन काढायला बाहेरून ऊर्जा द्यावीच लागते, आणि कार्बन तर पाण्यात नाहीच. १९९६ मध्ये तामिळनाडूत झाडपाल्यापासून पेट्रोलचा दावा देशभर गाजला होता, मोठमोठी माणसं भुलली. तपासात निघालं की विकलं जात होतं ते टोल्युइन-नॅप्थासारख्या पेट्रोकेमिकलचं मिश्रण, आणि २०१६ मध्ये कोर्टाने शिक्षा दिली. त्या माणसाला एकच विचारा, ‘एका लिटरला वीज किती युनिट लागते?’ आकडा २० च्या फार खाली सांगितला किंवा ‘वीज लागतच नाही’ म्हणाला की चहा पाजून रवाना करा.

२२. मग कोयली बंद पडणार का? मुलगी केमिकल इंजिनिअरिंगला जायचं म्हणतेय, घालू का?

उद्या काही बंद पडत नाही, रिफायनरीचं एक्स्पान्शनच चालू आहे. पेट्रोलचा खप पुढे उतरला तरी एटीएफ, प्लॅस्टिक, डांबर लागणारच. आणि सिंथेटिक आलं तरी शेवटी मेण फोडायला हायड्रोक्रॅकर लागतो, डिस्टिलेशन कॉलम लागतो, टँक फार्म लागतो, हे सगळं रिफायनरीत आधीच उभं आहे, म्हणून असे प्लांट आले तर जुन्या रिफायनरीच्या कुंपणाला लागूनच येतील असा माझा अंदाज. मुलीला खुशाल घाला. कलाभवनातून (आपलं एम. एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग कॉलेज) निघालेल्यांनी आयुष्यभर रिफॉर्मर आणि रिॲक्टरच चालवले, तिलाही तेच चालवायचेत. फक्त तिला म्हणावं, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा पेपर ऑप्शनला टाकू नकोस, आमच्या वेळी सगळे टाकायचे.